मोहफुलांच्या खरेदीसाठी ग्रामसभेला खेळते भांडवल हवे आहे

जोहार.

येत्या हंगामात 100 क्विंटल सुकी मोहफुले वेचणाऱ्यांकडून रोखीने घ्यायची, पावसाळाभर सांभाळायची आणि पोळ्यानंतर विकायची, असे आमच्या ग्रामसभेने ठरवले आहे. याला एकूण 7 लाख रुपये लागतील. तेंदूपानाच्या पैशातून दीड लाख आम्ही बाजूला काढले आहेत. उरलेल्या साडेपाच लाखांसाठी हे आवाहन.

आम्ही गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातले. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे मोहफुले, तेंदूपाने, बांबू अशा जंगलातल्या मालाची, मालकी ग्रामसभेला दिली, वाहतुकीचा परवानाही आता ग्रामसभेची समितीच देते. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2011 मध्ये बांबूच्या परवान्याचे पुस्तक हाती घेतले, तेव्हापासून हा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण जंगल ताब्यात आले की राखणही आलीच. फेब्रुवारीत जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढायची, मार्च-एप्रिलमध्ये गस्त घालायची, तर त्याची मजुरी कुठून आणायची? प्रकल्पाचा निधी दोन-तीन वर्षांत आटतो. तेंदूचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि त्याचा भाव ठेकेदारांच्या बोलीवर हलतो. राखणीचा खर्च निघेल असा स्वतःचा धंदा हवा, आणि तो वणवा वाढवणारा नको.

वणव्याचे मोहाशी थेट नाते आहे. फुले पहाटेपासून गळतात. पालापाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात आणि तीच आग पुढे जंगलात शिरते. मोहाची रोपटीही त्यातच जळतात, त्यामुळे जुनी झाडे उभी दिसतात पण त्यांच्याखाली नवीन झाड क्वचितच सापडते. झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळायचे कारणच उरत नाही. फुलाला माती-राख लागत नाही, आणि अंधारात अस्वलाच्या वाटेवर जावे लागत नाही ते वेगळेच.

दहा मीटर रुंद पसाऱ्याच्या झाडाला 5 बाय 4 मीटरच्या चार जाळ्या पुरतात. शेडनेटचा भाव चौरस मीटरला 25 रुपये धरला तर झाडामागे 2,000 रुपये होतात. खुंटांचा बांबू आमच्याच जंगलातला. जाळी जमिनीपासून अडीच फुटांवर आणि एका कोपऱ्याकडे उतरती बांधायची, त्या कोपऱ्याखाली टोपली. ढिली राहिली तर मधोमध जमिनीला टेकते आणि मुंग्या चढतात. फार ताणली तर पहिल्याच वावटळीत काठ फाटतो. म्हणून दोरीच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावायची, वाऱ्याचा झटका ती खाते. दहा वाजायच्या आत जाळी रिकामी करायची. दुपारपर्यंत राहिलेले फूल आंबू लागते आणि मग ते दारूवाल्याशिवाय कुणाच्याच कामाचे राहत नाही. पहिल्या वर्षी 60 झाडे घेणार आहोत. बाकीच्या झाडांखाली पाला जाळायचा नाही, झाडायचा, असा ठराव झाला आहे. 60 झाडांच्या जाळ्यांतून 100 क्विंटल भरणार नाहीत. म्हणून झाडून वेचलेली फुलेही घेणार आहोत, मात्र दोन्हींचा ढीग वेगळा राहील.

या व्यवहाराचा जीव सुकवण्यात आहे. ताज्या फुलात 80 टक्के पाणी असते, 12 टक्के ओलाव्यावर आणले तर 100 किलोचे जेमतेम 23 किलो उरतात. बांबूच्या मांडवावर, जमिनीपासून वर, बोटभर जाडीचा थर, दिवसातून दोनदा उलथापालथ, संध्याकाळी ताडपत्री. चांगल्या उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. मूठ आवळून सोडल्यावर फुले सुटी झाली तर ती सुकली, गोळा झाला तर परत मांडवावर. वेचणारीला घाई असते, बाजाराच्या दिवशी मीठ-मिरची घ्यायची असते, त्यामुळे अर्धवट सुकलेला माल येणारच. 20 टक्के ओलाव्याचा क्विंटल घेतला तर 12 टक्क्यांवर तो 91 किलोच भरतो. धान्याचे ओलावामापक साखरेच्या फुलाला जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून लहान ओव्हन आणि बारीक तराजू घेत आहोत. नमुना सुकवून वजनातला फरक काढायचा आणि त्यावर दर ठरवायचा.

आता हिशेब. 40 रुपये दराने 100 क्विंटलचे 4 लाख. पिशव्या, हमाली, भाडे, मालाची राखण मिळून 38 हजार. साठवणुकीत 5 टक्के घट धरली तर 95 क्विंटल उरतात, म्हणजे किलोमागे सुमारे 46 रुपये मिळाले तर बरोबरी होते. ओला माल घेऊन घट 9 टक्क्यांवर गेली की हाच आकडा 48 च्या वर जातो. 52 चा भाव मिळाला तर 56 हजार शिल्लक राहतात. दोन माणसांची साठ दिवसांची गस्त, 350 रुपये रोजाने, 42 हजारांत बसते. उरलेले 14 हजार भांडवलात जातील. रक्कम मोठी नाही, पण दरवर्षी कुणापुढे हात पसरायला नको. 46 च्या खाली भाव गेला तर त्या वर्षाच्या गस्तीचा खर्च तेंदूच्या पैशातून करायचा, भांडवलाला हात लावायचा नाही, हे ठरावातच लिहिले आहे.

पैशांची विभागणी अशी: खेळते भांडवल 4 लाख, जाळ्या 1 लाख 20 हजार, मांडव आणि प्लास्टिकच्या छताचा सुकवणी-निवारा 85 हजार, गोदामाची दुरुस्ती 60 हजार, वजनकाटा, ओव्हन व तराजू 35 हजार. गोदामात माल भिंतीपासून फूटभर दूर, लाकडी फळ्यांवर, आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पिशव्यांत राहील. मोहफूल हवेतला ओलावा ओढते. श्रावणात पिशवीचे तोंड नीट बांधलेले नसेल तर आठवड्यात ढेकळे होतात.

लाडू, सरबत, जॅम यांच्या सूचना येतात, त्याबद्दल आभार. पण वेष्टन, लेबल, टिकाऊपणाची चाचणी आणि दहा-दहा पाकिटांच्या मागण्या यांतच नवे गट दमतात. आधी एकसारखा, स्वच्छ सुका माल विकायला शिकू. यंत्रेही पाठवू नका. तीन फेजची वीज नाही तिथे तेलघाणी गंजत पडते.

2,000 रुपयांत एका झाडाच्या जाळ्या होतात, 4,000 रुपयांत एका क्विंटलची खरेदी. याशिवाय तीन माणसे हवीत: अन्न सुरक्षा नोंदणी आणि जमाखर्च बघणारा हिशेबनीस, साठ्याच्या नियमांबाबत उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी खुलासा मागायला मदत करणारा वकील, आणि साखर व ओलाव्याची चाचणी सवलतीत करून देणारी प्रयोगशाळा. खाद्यपदार्थासाठी मोहफूल घेणारे खरेदीदार माहीत असतील तर तेही कळवा.

परत द्यायच्या बोलीवर ठेव घेत नाही, ती कायद्याची भानगड आम्हाला झेपणारी नाही. देणगीच द्यावी. आमच्याकडे 80 जी प्रमाणपत्र नाही, त्यामुळे आयकरात सूट मिळणार नाही. रक्कम थेट ग्रामसभेच्या खात्यावर चेकने किंवा ऑनलाइन भरावी, रोख कुणाच्याही हातात देऊ नये. खाते तीन सह्यांचे आहे, त्यातल्या दोन सह्या महिलांच्या. खाते क्रमांक सोबतच्या पत्रकात आहे. खरेदीचे रोजचे पान आणि विक्रीची बिले दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत वाचली जातील आणि त्यांची प्रत प्रत्येक देणगीदाराला पाठवली जाईल.

मोह मार्चच्या मध्याला गळू लागतो, त्यामुळे जाळ्यांची मागणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे. 31 जानेवारीपर्यंत आलेली रक्कम या हंगामात लागेल. त्यानंतर आलेली पुढच्या वर्षीच्या खरेदीसाठी वेगळी ठेवली जाईल आणि पावतीवर तसे लिहिले जाईल.

— सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती, ग्रामसभेच्या वतीने