खडेबाजारातल्या त्या सगळ्यांचे आभार

३१ डिसेंबरच्या रात्री बेळगावात गल्लोगल्ली ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायची तयारी चालली होती आणि खडेबाजारच्या गर्दीत आमच्या आईला चक्कर आली. सोबत मी एकटीच. बांगड्यांच्या दुकानातल्या मावशींनी बसायला आपलं स्टूल दिलं, साखरपाणी पाजलं, तिचे तळवे चोळत राहिल्या. एक काका कानडीतून धीर देत होते. रिक्षा येईपर्यंत आईनं त्यांचा हात सोडला नाही. आणि ती पोरं! आपला ओल्ड मॅन भिंतीला टेकवून त्यांनी गर्दी बाजूला केली, रिक्षा थेट दुकानापर्यंत आणली. रिक्षावाल्या दादांनी भाडंही घेतलं नाही.

आई आता बरी आहे, साखर उतरली होती. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार मानते. मावशी, आई कुंदा मिठाई घेऊन दुकानात येणार आहे.