तुर्कांच्या कर्जाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यावरचा लेख वाचल्यापासून डोके तापले आहे. सुलतान ऐषारामी, दरबार आळशी, म्हणून राज्य बुडाले, एवढेच सांगायला अख्खे पान दिलेत!

‘युरोपचा आजारी माणूस’ हे त्या साम्राज्याचे टोपणनाव लेखात चार वेळा येते. १८५३ मध्ये ते ठेवणाऱ्या रशियाच्या झार पहिल्या निकोलसला त्या राज्याची वाटणी हवी होती, हे एकदाही येत नाही. त्याच वर्षी त्याने तुर्कांच्या अधिपत्याखालच्या डॅन्यूब नदीकाठच्या प्रांतांत फौज घुसवली. त्यातून क्रिमियन युद्ध पेटले आणि त्या खर्चापायी १८५४ मध्ये तुर्कांनी पहिले परदेशी कर्ज उचलले.

सुलतानांनी उधळपट्टी केली, ‘दोल्माबाहचे’ नावाचा राजवाडा बांधला, हे मान्य. पण माझी सारी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. जुन्याचे व्याज भागवायला नवे कर्ज काढणाऱ्याचे पुढे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. १८७५ मध्ये तुर्कांची परतफेड थकली आणि १८८१ मध्ये युरोपातल्या धनकोंचे वसुलीखाते थेट इस्तंबूलमध्ये बसले. मीठ, मद्य, मुद्रांक, रेशीम, मासळी यांचा महसूल परस्पर त्या खात्यात. तंबाखूचा मक्ता १८८३ मध्ये परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे गेला. शेतकऱ्याने माल तिलाच घालायचा, चोरून विकला तर कंपनीचे हत्यारबंद पहारेकरी मागे. आयातकर ८ वरून ११ टक्क्यांवर न्यायलाही बड्या सत्तांची संमती लागली. ती १९०७ मध्ये मिळाली. असे सरकार सैन्याचा पगार कशातून देणार?

इस्तंबूलच्या सहलीत मी त्या वसुलीखात्याची इमारत दाखवा म्हणून मार्गदर्शकाला विनवले. वेळ नाही म्हणाला, आणि आम्हाला अर्धी दुपार गालिच्यांच्या दुकानात बसवले. शेवटी मी एकटाच चालत गेलो. तिथे आता शाळा भरते. नुसत्या वसुलीसाठी केवढी प्रचंड वास्तू उभारली होती! तुमच्या लेखकांनी ती एकदा पाहायला हवी.

१९१४ बद्दल तर दोनच ओळी. ब्रिटनमध्ये बांधून होत आलेल्या ‘रेशादिये’ आणि ‘सुलतान उस्मान’ या तुर्की युद्धनौका ऑगस्टच्या आरंभी ब्रिटनने ताब्यात घेतल्या. तुर्कस्तान तेव्हा पहिल्या महायुद्धात उतरलेलाही नव्हता. त्या नौकांसाठी सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती. लोक जर्मनीकडे का झुकले, हे समजून घेताना ही गोष्ट वगळून कशी चालेल?

शिवाय ‘१९१४’ असे लिहिलेल्या नकाशात सलोनिका शहर तुर्कांकडे दाखवले आहे. ते नोव्हेंबर १९१२ मध्येच ग्रीसच्या ताब्यात गेले. माझ्या नातीने तो नकाशा कापून शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवला आहे. पुढच्या रविवारी दुरुस्त नकाशा छापा, तोही त्याच आकारात.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा