प्रागहून, आषाढीच्या दिवशी

प्राग,
६ जुलै २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आज आषाढी, म्हणून इथल्या व्हिएतनामी दुकानातून साबुदाणा आणला. खिचडीचा पार गोळा झाला. शेवटी उकडलेल्या बटाट्यांवर उपास भागवला.

आज इथंही सणाची सुट्टी आहे, यान हूस या चेक धर्मसुधारकाची. कालची सिरिल-मेथोडियस या संतांची शनिवारी आली, ही रविवारी. दोन्ही वाया गेल्या म्हणून ऑफिसातले हळहळत होते. १४१५ साली याच तारखेला हूसला जर्मनीतल्या कॉन्स्टन्स गावी जिवंत जाळलं. सिगिस्मुंड राजानं अभयपत्र दिलं होतं, तरीही. इथल्या बेथलेहेम चॅपेलमध्ये तो चेक भाषेत प्रवचनं करायचा आणि पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकणाऱ्या धर्माधिकाऱ्यांवर तुटून पडायचा. पूजायलाही काही उरू नये म्हणून त्याची राख ऱ्हाईन नदीत टाकली. इथं तुम्ही इंद्रायणीचं नाव काढणार, ठाऊक आहे मला.

संध्याकाळी जुन्या गावचौकात त्याच्या स्मारकाशी जाऊन बसलो. लादिस्लाव शालोउन या शिल्पकारानं केलेलं आहे. मधोमध उंच, किडकिडीत हूस, एका बाजूला त्याचे लढवय्ये अनुयायी, दुसऱ्या बाजूला दोनशे वर्षांनी धर्मापायी देशोधडीला लागलेली माणसं. ती वाकलेली माणसं मला हूसपेक्षाही जास्त खरी वाटली. खाली त्याच्याच पत्रातले शब्द कोरलेत: एकमेकांवर प्रेम करा, सत्य प्रत्येकाला लाभो असं म्हणा.

पायाभरणी १९०३ची, पुतळा उभा राहिला १९१५ला, पाचशेव्या स्मृतिदिनी. तेव्हा महायुद्ध चालू आणि राज्य ऑस्ट्रियाचं. सरकारनं समारंभच होऊ दिला नाही. मग लोकांनी काय करावं? अख्खं स्मारक फुलांनी झाकून टाकलं! पुढं कम्युनिस्टांच्या काळात तर नुसतं त्याच्या पायाशी येऊन बसणं हीसुद्धा निषेधाची एक मूक तऱ्हा होती म्हणे. आज माझ्या शेजारी बसलेली पोरं आइस्क्रीम खात होती.

समोरच येशूच्या आईचा, मेरीचा स्तंभ आहे. १९१८ला स्वातंत्र्य मिळाल्यावर आठवड्याभरात जमावानं जुना स्तंभ ऑस्ट्रियाच्या सत्तेची खूण समजून पाडला होता. २०२०मध्ये तसाच नवा उभारला. त्यावरून इथं अजून वाद घालतात. तुम्ही असता तर मध्ये पडलाच असता.

आईला सांगा, साबुदाणा पाण्यात बुडवून ठेवला होता, नुसता ओलवला नव्हता. म्हणजे ती विचारायच्या आधीच कबूल केलं.

आपला,
बाळू