मिस्त्रीमामा, गोठ्याची जमीन हलली नाही

आदरणीय मिस्त्रीमामा,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, वळचणीचं पाणी बाहेर जातंय ना?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. जुन्या गोठ्यात मशीन बसवायला निघालेल्या आमच्यासारख्या बचत गटाच्या बायकांनीही ते वाचावं.

मागच्या फाल्गुनात गटाने मिनी दाळ मिल घ्यायचं ठरवलं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केली तशी. जागा होती आजेसासऱ्यांच्या वेळचा गोठा. 30 बाय 15 फूट, दगड-मातीच्या भिंती, तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) उभे सागवानी खांब, खाली शहाबादी फरशी. एका ठेकेदाराने "वरून 2 इंच सिमेंटचा कोबा मारतो, चार दिवसांत मशीन ठेवा" असं सांगितलं आणि आम्ही इसार द्यायच्या बेतात होतो.

तुम्ही त्या दिवशी शेजारच्या न्हाणीचं काम बघायला आला होता. दारातून वाकून पाहिलंत, आत आलात आणि पहारीने एकेक फरशी ठोकत गेलात. तिसऱ्या ओळीत आवाज बदलला. फरशी उचलली तर खाली घुशींनी एवढं पोखरलेलं, की पहार हातभर आत गेली. त्याखाली काळी माती. "पोरी, ही पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर कितीही सिमेंट ओत, ती खालून हलवणारच." मग मशीनचं वजन विचारलंत. ते मला पाठ होतं. "आणि पोत्यांचं?" ते आम्ही कुणी धरलंच नव्हतं. 50 किलोच्या 100 पोत्यांची थप्पी म्हणजे 5 टन, मशीनच्या कितीतरी पट. शिवाय माल घेऊन ट्रॅक्टर आत येणार आणि त्याचा मोठा भार मागच्या दोन चाकांवर. त्या दिवशी इसार वाचला. नुसता पैसाच वाचला असं मला वाटत नाही.

2 फूट काळी माती काढायची ठरली. आम्हाला वाटलं, जेसीबी बोलावला की एका दिवसाचं काम. तुम्ही नाही म्हणालात ते भिंतीमुळे. मधला भाग मोकळा केलात, पण भिंतीलगतचा पट्टा 4-4 फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक खणायला लावलात. एक तुकडा मुरमाने भरून धुम्मसने (जमीन ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोकून झाल्याशिवाय शेजारच्याला कुदळ लावू दिली नाहीत. खांबांच्या तुळयांना टेकू दिलेत. पोरं कंटाळली, मीही एकदा चिडले. तेव्हा तुम्ही किल्लारीचं सांगितलंत. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली, पण 30 सप्टेंबर 1993ची ती भूकंपाची पहाट मी घरच्यांच्या तोंडूनच ऐकलेली. तुम्ही तेव्हा नवखे गवंडी, ढिगारे उपसायला गेलेले. "दगड-मातीची भिंत पडताना हाक मारत नाही," एवढंच बोललात आणि पुन्हा खाली उतरलात. त्यानंतर कुणी घाई केली नाही.

हिशेबाने 9 ब्रासचा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) खड्डा, पण ठोकल्यावर बसतो म्हणून मुरूम 12 ब्रास मागवलात आणि तो खरंच तेवढा लागला. 6-6 इंचांचा थर, पाणी, धुम्मस, परत थर. वर दगडांचं सोलिंग म्हणजे रचलेला थर, पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, प्लास्टिकचा कागद आणि मग 6 इंचांचा स्लॅब, 10 एमएमच्या सळया 8 इंचांवर आडव्या-उभ्या. स्लॅब भिंतीला आणि तळखड्यांना कुठेही चिकटवला नाहीत, मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवलीत. मिलसाठी वेगळा पाया, मशीनच्या तिप्पट वजनाचा, म्हणजे हादरा भिंतीपर्यंत जाऊ नये. आज मिल चालू असताना भिंतीला हात लावून बघते, थरथर जाणवत नाही.

पाण्याचं मात्र मनाला लागलं होतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला आमचा लातूर जिल्हा; स्लॅब पक्का व्हावा म्हणून वैशाखात त्यावर बांध घालून आळी करून 14 दिवस पाणी साचवायचं म्हणजे हात आखडतोच. तुम्ही रोज संध्याकाळी येऊन आळ्यात बोट बुडवून बघायचात. सासूबाई धुण्याचं पाणी शेणखताकडे न सोडता न्हाणीमागच्या झाडांना देऊ लागल्या आणि आमचा पिण्याचा हंडा सोडून बाकी स्वच्छ पाणी स्लॅबला गेलं. गोठ्यातली खारवलेली माती तुमच्या सांगण्यावरून शेतात पसरली, तीही वाया गेली नाही.

एवढं करून मजुरी घेतलीत ती फक्त स्लॅबच्या कामाची. पहिल्या दिवशी फरशा ठोकून जे दाखवलंत, रोज संध्याकाळी जे आलात, त्याचे पैसे पुढे केले तर रागावलात. ते आम्ही विसरलेलो नाही.

पावसाळा गेला. दाराजवळ स्लॅबला केसाएवढी एक रेघ दिसली होती. तुम्ही शिकवलं तसं तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली. श्रावणापासून ती खुणेच्या पुढे गेलेली नाही, तरी तुम्ही एकदा डोळ्यांनी बघावी.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, मामींना घेऊन शेतावर या. भज्जीतली (त्या दिवशीच्या मिसळ भाजीतली) तूर शेतातली असेल, सोबत न्यायला डाळ मिलमधली बांधून ठेवलीय, आणि आंबील सासूबाई स्वतः करणार आहेत.

तुमची पोरगी,
आणि गटातल्या अकरा जणी