छोट्या धावपट्ट्या मोडू नका

संपादक महोदय,

छोट्या गावाचा विमानतळ बंद झाला की धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठी फुली रंगवतात. वरून येणाऱ्या वैमानिकासाठी तो निरोप असतो : इथे उतरू नका. मग वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटून खांबाला लोंबत राहते, डांबराच्या भेगांतून गवत वर येतं आणि लवकरच त्या जागेवर घरांचे नकाशे तयार होऊ लागतात.

'दिवसाला दोन-चार विमानं उतरायची, तोटाच होता' असं सांगितलं जातं. हा हिशेब मला पटत नाही. अशाच ठिकाणी नवे वैमानिक शिकतात, रुग्णाला नेणारं विमान गावाजवळ उतरू शकतं. सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं, तर १ किलोमीटर उंचीवरून ते जेमतेम ९ किलोमीटर तरंगत जातं. त्या टप्प्यात धावपट्टी असणं म्हणजे काय, हे वैमानिकालाच विचारा!

शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. आवाज होतो, शिवाय या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी शिसं असतं. त्यासाठी उड्डाणांच्या वेळा ठरवा, शिसेविरहित इंधन आणा. शिकागोत मात्र २००३ साली मेग्ज फील्डची धावपट्टी रातोरात बुलडोझरने उखडली, तिथे उभी असलेली विमानं अडकून पडली.

विमानतळ बंद ठेवायचाच असेल तर ठेवा, पण जमीन विकण्याआधी रुग्णवाहिका सेवा आणि अग्निशमन दल यांचं म्हणणं लेखी घ्या, एवढीच कळकळीची विनंती.

— एक वाचक