आधी पॅनेल, मग फळ्या

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं आर्केड कॅबिनेटचं, म्हणजे उभ्यानं खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीचं, रेखाटन पाहिलं. बाजूच्या फळ्यांचा उतार झकास जमलाय, वरची नावाची पट्टीही देखणी आहे. पण कंट्रोल पॅनेलच्या, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसतात त्या फळीच्या, जागी नुसता चौकोन आणि त्यात ‘नंतर बघू’ वाचून हसूच आलं. अरे, अख्खं कॅबिनेट त्या ‘नंतर बघू’भोवतीच उभं राहतं.

आधी ठरव, खेळायचं काय. १९८० च्या पॅक-मॅन या भुतांपासून पळायच्या खेळाला फक्त चार दिशा कळतात, तिरकं जाणं नाहीच. आज सहज मिळणारी जॉयस्टिक मात्र आठ दिशांची असते. दांड्याच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात आणि दांडा तिरका गेला की दोन एकदम दबतात. आता वळणावर घाईघाईत ‘वर’ करताना हात जरा उजवीकडे कलला की खेळाला दोन हुकूम पोहोचतात आणि तो नेमका नको तोच पाळतो. भुतानं गाठलंच समज! लोक मग दोष स्वतःच्या हाताला देतात.

यावरचा इलाज दांड्याच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या चौकटीत आहे. बऱ्याच जॉयस्टिकची चौकट काढून ४५ अंशांत फिरवून बसवता येते. मग दांड्याला कोपऱ्यांत जायला जागाच उरत नाही, चारच दिशा मिळतात. पण तुला १९९१ चा स्ट्रीट फायटर २ सुद्धा हवाय, आणि तिथे तिरक्या दिशांशिवाय गाडं हलत नाही. शिवाय प्रत्येक खेळाडूला सहा बटणं, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. म्हणून पॅनेल खिळवून टाकू नकोस, बिजागरीवर बसव. उघडलं की चौकट फिरवता येईल, सुटलेली वायरही हाताशी येईल.

सहापेक्षा जास्त बटणं मात्र नकोत. बाबांना ट्रॅकबॉलही (हातानं फिरवायचा चेंडू) हवाय, त्यांचं ऐकू नकोस. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये डावं, उजवं आणि गोळी, एवढ्यावर जगानं खेळ खेळला. (त्यातले शत्रू जसे कमी होतात तसा त्यांचा वेग वाढतो ना? चित्रं कमी उरली की प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा, म्हणून. खेळ बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं.)

बटणं हातात पडल्याशिवाय भोकं पाडू नकोस. काही ३० मिलिमीटरच्या भोकात बसतात, काही साधारण २८ च्या, आणि मोठं झालेलं भोक लहान होत नाही. आधी पुठ्ठ्यावर कापून बघ. बोटं सरळ रेषेत नसतात, त्यामुळे बटणांची ओळही किंचित कमानदार हवी. प्रत्येक बटणाला दोन टोकं असतात. एक टोक सगळ्यांत साखळीसारखं फिरवून ग्राउंडला जोड, दुसरं एन्कोडरच्या, म्हणजे बटणांचे हुकूम कॉम्प्युटरला कळवणाऱ्या छोट्या सर्किटच्या, आपापल्या पिनला. कॉम्प्युटरला तो सगळा पसारा साधा गेमपॅडच वाटतो.

स्क्रीनसाठी जुना ट्यूबचा टीव्ही उघडायचा विचार डोक्यातून काढ. बंद केल्यावरही ती ट्यूब हजारो व्होल्ट धरून राहू शकते. चारास तीन प्रमाणाचा जुना एलसीडी मॉनिटर बघ. पॅक-मॅनचं चित्र उभं असतं, २२४ बाय २८८ पिक्सेलचं, त्यामुळे रुंद स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळे पट्टेच जास्त दिसतील.

फळी १८ मिलिमीटरची घे. एमडीएफ (लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेली फळी) घेतलंस तर कडेला स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाड, नाहीतर कड फुटते. कापताना मास्क लाव, तो भुसा फार बारीक उडतो. जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा मेम इम्युलेटर फुकट आहे, खेळ मात्र कंपन्यांचे आहेत, तेवढं भान ठेव.

आता एवढंच कर. पुठ्ठ्याचं पॅनेल जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर टेकव आणि तुमच्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या मुलाला त्यापुढे उभं कर. मनगट वाकतंय का, दोघं खेळताना कोपराला कोपर लागतं का, ते बघ. फोटो पाठव, पण त्यात कोपरं दिसू देत, नुसते दात नकोत. मग फळ्या कापायला घे.

तुझी,
आई