ठेव मोडू नका

ती. आई-आण्णा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आण्णा म्हणाले, "पोरीला इंग्लिश मिडीयमला घाला, पैशाचं मी बघतो." बघतो म्हणजे पतसंस्थेतली दोन लाखांची ठेव मोडणार, हे आईनं नंतर हळूच सांगितलं. हिच्यासमोर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आण्णा, एकदा पैसे भरून भागत असतं तर मी हो म्हणालो असतो. आम्ही बघून आलो त्या शाळेची पहिलीची फी ३८ हजार. गाडीचे महिन्याला १,२००. वह्या-पुस्तकं, दोन गणवेश, बूट, सगळं शाळेतूनच घ्यायचं. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरून मी हिशेब मांडला. (मार्केट यार्डात दिवसभर हळदीच्या हिशेबपट्ट्या लिहितो, एवढं तर यायलाच हवं.) दहावीपर्यंत नुसती फीच पाच लाखांवर जाते. गाडी, पुस्तकं धरली तर तुमची ठेव चौथी संपायच्या आतच संपेल. मग तिला तिथून काढायची? मैत्रिणी जमल्यावर?

शिवाय तिथं मुलाखत पोरीची कमी आणि आमचीच जास्त झाली. आईचं शिक्षण किती, घरात इंग्रजी बोलता का. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची अशी चाचपणी करायची नाही आणि देणगी मागायची नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. तिथं देणगीला 'विकास निधी' म्हणतात. मी गप्प बसलो. जिथं पोर ठेवायची तिथंच आधी भांडण कसं काढायचं?

आई, तू त्याच कायद्यातल्या, गरीब मुलांना खासगी शाळेत फुकट शिकवायच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्याचं विचारलंस. आपल्याला खुल्या गटातून त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. माझा पगार आणि हिची शिलाई धरून महिन्याला तीस हजार येतात. कोट्याला आपण श्रीमंत, फीला गरीब.

घराजवळच्या महापालिकेच्या शाळेतही जाऊन आलो. पहिलीत सव्वीस मुलं. बाई फळ्याची लांबी मुलांकडून वितीनं मोजून घेत होत्या. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, आणि का आला यावर पोरांचा असा कल्ला झाला की आमची पोरगी माझा हात सोडून आत जाऊन बसली. सेमी इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून. पुस्तकं आठवीपर्यंत फुकट, दुपारचा आहार मिळतो.

सगळंच छान आहे असं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेलेले, त्यांचा वर्ग दुसऱ्यांच्या वर्गात बसवलेला. निवडणुकीचं काम कायद्यानंच शिक्षकांवर टाकता येतं, त्यामुळे हे पुन्हा होणारच. हिला धास्ती इंग्रजी बोलण्याची आहे आणि ती खोटी नाही. माझी मुलाखतीत काय गत होते, ते हिनं बघितलंय.

तरी आमचं ठरलंय. चौथीपर्यंत तिथं. पाचवीला गावातल्या एखाद्या जुन्या अनुदानित हायस्कूलला घालू. मास्तरांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथली फी झेपते. वाचलेल्या पैशांतून घरात गोष्टींची पुस्तकं आणायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि रात्री अर्धा तास मी तिच्याजवळ बसायचं. हे शेवटचं माझ्याकडून होतंय का, त्यावर हिचं लक्ष आहेच.

आण्णा, तुमची नात सरकारी शाळेच्याच वळणाची निघणार म्हणून वाईट वाटून घेऊ नका. शेजारच्या नातवाचा टाय बघून तुम्हाला काय वाटतं, ते मला कळतं.

ठेव मात्र वेगळ्या कामाला मोडा. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टरांनी सांगून झालं, आणि तुम्ही उसाचं बिल यायची वाट बघताय. या महिन्यात मिरजेला ऑपरेशन करून घेऊ. आई, त्यांचे कागद शोधून ठेव, रविवारी न्यायला येतो.

तुमचा,
धाकटा